चार्जच्या चिठ्ठ्या

केडगावात एकाच दुपारी तीन न्हाव्यांकडून लागोपाठ तीन वेळा दाढी करून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आणि त्या तिन्ही दाढ्या माझ्यामुळे झाल्या, हे सांगताना मला अजून लाज वाटते. पण सांगायला बसलोच आहे, तर त्यांच्याच शिस्तीत सांगायला हवं. म्हणजे आधी काय झालं ते आधी.

ते आमच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. सगळं गाव त्यांना मास्तरसाहेब म्हणायचं, मीही तेच म्हणतो. गावाचं नाव सांगत नाही. नगरपासून बारा मैलांवरचं तालुक्याचं गाव, एवढं पुरे झालं. मी तिथं ड्रॉइंगमास्तर म्हणून लागलो तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो. काम कमी, अंगात मस्ती जास्त. मास्तरसाहेब पन्नाशी ओलांडलेले, उंच, काटकुळे. लांब काळा कोट, तुर्की टोपी, दाढी गुळगुळीत. कोटाच्या एका खिशात साखळीचं घड्याळ, दुसऱ्यात एक पितळी डबी. डबीत काळ्या शाईची गादी. ती लोकांच्या अंगठ्यांसाठी.

तर या गृहस्थांनी इंग्रजी भाषेतला एक शब्द धरला होता. एवढी मोठी भाषा, साहेबाने अर्ध्या जगावर लादलेली, आणि त्यातला एकच शब्द. चार्ज. वीस वर्षं ते या एका शब्दाच्या मागे होते. त्याचे जितके म्हणून अर्थ असतील तितके त्यांना गोळा करायचे होते आणि त्यांचं पुस्तक करायचं होतं.

मी पहिल्याच महिन्यात विचारलं, "मास्तरसाहेब, हाच शब्द का? दुसरा काही गोडसा मिळाला नाही?"

"माझ्या अब्बांचा आहे," ते म्हणाले.

मला वाटलं, झालं, डोकं फिरलंय. पण त्यांनी समजावून सांगितलं. त्यांचे वडील गाडीवान. नगर स्टेशनावरून बाजारपेठेत बैलगाडीनं माल वाहायचे. मास्तरसाहेब ट्रेनिंगला असताना तिथल्या लायब्ररीत त्यांनी एक जाडजूड डिक्शनरी उघडली आणि त्यात हा शब्द निघाला. जुन्या लॅटिनमध्ये गाडीला एक शब्द होता, त्यावरून गाडीत माल भरण्याला एक शब्द झाला. तो फ्रान्सात गेला, तिथून इंग्लंडात आला आणि चार्ज झाला. मग तोफेत दारू भरली तरी चार्ज. माणसाच्या अंगावर काम टाकलं तरी चार्ज, गुन्हा टाकला तरी चार्ज. मालाची किंमत लावली तरी तेच. विजेची बॅटरी तर परवाची, तिलाही हाच शब्द लावला. घोडदळाच्या हल्ल्यापाशी ते चार वर्षं अडले होते. शेवटी त्यांनी स्वतःपुरतं ठरवलं की घोडेस्वार आपलं सगळं वजन समोरच्याच्या अंगावर टाकतात, म्हणून तोही चार्ज.

"म्हणजे बघा," ते मला म्हणाले, "कलेक्टर चार्ज घेतो, जज्ज चार्ज ठेवतो, पण त्या शब्दाच्या तळाशी बसलाय कोण? एक गाडीवान. मी अब्बांना हे येऊन सांगितलं. ते म्हणाले, बेटा, बैलाला पाणी पाज."

हे सांगताना ते इतके खुशीत हसायचे की बास. मीही हसलो, पण माझं हसणं वेगळं होतं. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर त्यांचं व्यंगचित्र काढलं: टोपीएवढं नाक आणि पाठीवर डिक्शनऱ्यांची गोण. ते वर्गात आले, चष्मा पुसून चित्र नीट पाहिलं आणि म्हणाले, "व्यंगचित्राला इंग्रजीत कॅरिकेचर म्हणतात. तोही आमच्याच गाडीतला शब्द. ज्यादा माल भरलेलं चित्र. नाक फार छान भरलंय." आणि फळा पुसू दिला नाही. दोन दिवस त्या चित्राशेजारी उरलेल्या जागेत लिहून शिकवलं.

आता चिठ्ठ्यांचं सांगतो. मोठ्या डिक्शनरीत प्रत्येक अर्थाखाली कुणा ना कुणा लेखकाचं वाक्य दिलेलं असतं. म्हणजे साक्षच. मास्तरसाहेब म्हणायचे, आपल्या तालुक्यात लेखक नाहीत, पण तोंडं आहेत. तेव्हा प्रत्येक अर्थाला त्यांना जिवंत तोंडाची साक्ष लागायची. कुणीतरी तो शब्द त्यांच्यासमोर उच्चारला पाहिजे. छापील चालायचं नाही. आणि विचारून तर मुळीच चालायचं नाही. "साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचा नाही, आपण गप्प बसायचं" हा त्यांचा कायदा. शब्द आपणहून आला की खिशातून कोऱ्या कागदाची चिठ्ठी निघे. तिच्यावर तीन ओळी. पहिली ओळ, आधी काय झालं. दुसरी, शब्द. तिसरी, पुढे काय झालं. खाली घड्याळातली वेळ, बोलणाऱ्याचं नाव, आणि सगळं त्याला वाचून दाखवून सही, नाहीतर अंगठा.

एकदा आम्ही नगरहून सर्व्हिस मोटारीनं येत होतो. मोटार माळावर बंद पडली. ऊन मी म्हणत होतं. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "ब्याटरी चार्ज न्हाई. समद्यांनी धक्का मारा." बाकीचे कपाळाला हात लावून खाली उतरले, आणि मास्तरसाहेबांचा चेहरा असा उजळला म्हणता! तिथल्या तिथं डबी काढली. सगळी मोटार उन्हात उभी आणि हे ड्रायव्हरला चिठ्ठी वाचून दाखवतायत. तो बिचारा घाबरला. "साहेब, माझी चूक न्हाई वो, लई जुनी ब्याटरी हाय." शेवटी सगळ्यांनी ओरडून ओरडून त्याला अंगठा द्यायला लावला. मोटार सुरू झाल्यावर तिसरी ओळ लिहायची, म्हणून ते टपाच्या शिडीशी लोंबकळत लिहीत होते.

खाणीवरचा सुरुंगवाला, कॅन्टोनमेंटातला घोडदळाच्या रिसाल्यातला म्हातारा दफेदार, आमच्या शाळेचा हेडक्लार्क, सगळ्यांचे अंगठे आणि सह्या त्यांच्या एका लाकडी पेटीत होत्या. घरी गेलं की त्यांच्या बीबी चहा देत आणि मला ऐकवत, "इनकू लफ्ज होना, रोटी नक्को." म्हणजे यांना शब्द हवा, रोटी नको. रोटी करपली तरी मास्तरसाहेब विचारायचे, "आधी काय झालं?" शाळेत दोन पोरं मारामारी करून आली तरी तेच, "मारलं ते कळलं. आधी काय झालं?" आणि आधीच्या आधी काय, असं मागे मागे नेत पोरांना इतकं दमवायचे की ती आपापसात समेट करून पळायची.

आता माझं पाप. स्टाफरूममध्ये आम्ही दोघं-तिघं तरणे मास्तर होतो. त्यांच्या चिठ्ठ्यांची आम्ही फार टिंगल करायचो. एका शुक्रवारी मला हुक्की आली. मी एक चिठ्ठी बनवली. केडगावच्या एका न्हाव्यानं गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावला आणि म्हणाला, "आता चार्ज केलाय, हलू नका." नाव ठोकून दिलं. तिसरी ओळ कोरी ठेवली. काय लिहावं सुचलं नाही. ड्रॉइंगच्या निळ्या रंगात स्वतःचा अंगठा बुडवून उठवला आणि गंभीर तोंड करून नेऊन दिली. म्हटलं, माझ्यासमोर घडलं, तुमच्यासाठी अंगठा घेऊन ठेवला.

मास्तरसाहेब शनिवारी अर्धी शाळा सुटताच केडगावला गेले. दुसऱ्यानं आणलेली साक्ष ते स्वतः पडताळत, हे मला ठाऊक नव्हतं. आणि विचारायचं तर नाही! मग काय करणार? चिठ्ठीतल्या नावाचा न्हावीच तिथं नव्हता, तेव्हा पहिला दिसला त्याच्यापुढे बसले. दाढी झाली, शब्द आला नाही. दुसऱ्यापुढे बसले. तो म्हणाला, "साहेब, दाढी कुठं हाय?" म्हणाले, "असेल ती कर." तिसऱ्यानं तर आरसाच दाखवला. सोमवारी ते शाळेत आले तेव्हा हनुवटी सोलवटलेली, गालावर तुरटीचे पांढरे डाग. माझे दोस्त खो खो हसत बाहेर पळाले. मास्तरसाहेब माझ्या टेबलाशी आले आणि माझा हात हातात घेतला. अंगठ्याच्या नखाच्या कडेला निळा रंग अजून होता.

"अंगठा खरा आहे," ते म्हणाले. "बाकी खोटं."

मी म्हटलं, "मास्तरसाहेब, चेष्टा केली हो. फाडून टाका."

"दिलेली साक्ष फाडता येत नाही. खोटी असली तरी तुम्ही दिली आहे." त्यांनी लाल शाईनं तिच्यावर 'खोटी' असं लिहिलं आणि ती पेटीत ठेवली. तिसरी ओळ तशीच कोरी. रागावले नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी पुढे वर्षभर त्यांच्या नजरेला नजर देत नव्हतो.

मग बेचाळीस साल आलं. पेपरात रोज लाठीचार्ज, लाठीचार्ज. मास्तरसाहेब अस्वस्थ. हा अर्थ त्यांच्या पेटीत नव्हता आणि पेपर म्हणजे तोंड नव्हे. बाजारच्या दिवशी पोरांची मिरवणूक निघणार असं कळलं तेव्हा शाळेतल्या सगळ्या मास्तरांनी घरं गाठली. हे मात्र छत्री, घड्याळ आणि कोरी चिठ्ठी घेऊन चौकातल्या एका बंद दुकानाच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले. मी काही देशभक्त नव्हतो. माझ्या वर्गातली दोन पोरं त्यात आहेत असं कळलं, त्यांना कान धरून आणायला गेलो.

पोरं चौकात गाणं म्हणत उभी होती. समोर फौजदार. त्यानं घसा खाकरला आणि ओरडला, "चार्ज!"

पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. मी एका पोराला बखोटीला धरून ओढतोय, पाठीत काठी बसली, तोंडावर पडलो. मग मागच्या बोळातून कुणीतरी दोन दगड भिरकावले. एक शिपायाच्या कपाळाला लागला. मान वळवून पाहिलं तर ओट्यावर मास्तरसाहेब, मोडलेली छत्री काखेत, शांतपणे तिसरी ओळ लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे गृहस्थ चौकीवर गेले. फौजदाराला म्हणाले, "आपला शब्द मी नोंदवला आहे. वाचून दाखवतो, सही पाहिजे." फौजदार नवा होता, हौशी होता. त्यानं विचारलं, "म्हणजे माझं नाव डिक्शनरीत येणार?" मास्तरसाहेब म्हणाले, "साक्षीदार म्हणून येईल." त्यांनी तिन्ही ओळी स्पष्ट वाचल्या. फौजदार कुठला कान देतोय! त्यानं चहा मागवला आणि हुद्द्यासकट झोकदार सही ठोकली.

दोन दिवसांनी वरून विचारणा झाली, की पोरांवर काठ्या का चालवल्या. तेव्हा पोलिसांना आधी दगड मारणारा कुणीतरी हवा झाला. मी जमिनीवर पडलेला सगळ्यांनी पाहिला होता. मला शाळेतून उचललं. खिशात गेरूचा खडा सापडला, पोरांना नकाशे रंगवायला मी नेहमी ठेवायचो. तोच 'दगड' म्हणून पंचनाम्यात गेला. घरात आई आणि मी, मिळवता मी एकटा. वकील म्हणाले, सहा महिने तरी सक्तमजुरी होईल आणि मास्तरकी कायमची गेली समजा.

मास्तरसाहेब कोठडीच्या गजांपाशी आले. म्हणाले, "माझ्याकडे चिठ्ठी आहे. मी साक्ष देणार."

"नका देऊ," मी म्हटलं. "शाळेचे चालक तुम्हाला ठेवणार नाहीत. दीड वर्ष राहिलंय तुमचं."

"त्यांनी कालच सांगितलं मला ते."

"मग?"

"मग काय? माझ्यासमोर घडलं," ते म्हणाले, जसं काही यात बोलण्यासारखं नव्हतंच.

कोर्टात पेटी बगलेत घेऊनच आले. पिंजऱ्यात उभे राहिले आणि चिठ्ठी वाचली. "आधी: जमाव चौकात उभा. गाणं चालू. हातांत झेंडे. दगड नाही. शब्द: चार्ज. पुढे: लाठ्या. ड्रॉइंगमास्तर मुलाला ओढून नेताना पडले. ते खाली असताना मागच्या बोळातून दोन दगड. मारणारा दिसला नाही." खाली फौजदाराची सही. कोर्टात कुजबुज झाली. माझ्या जिवात जीव आला.

फौजदार लाल झाला. म्हणाला, "सही माझी आहे. पण वरच्या ओळी यांनी मागाहून भरल्या." सरकारी वकिलाला तेवढंच हवं होतं. तो उठला आणि पेटीवर बोट ठेवून विचारलं, "मास्तर, या पेटीतली एकूण एक चिठ्ठी खरी आहे, असं शपथेवर सांगाल?"

मास्तरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "नाही. एक खोटी आहे."

"असं! कुणी दिली ती?"

"या आरोपीनं."

सगळं कोर्ट हसलं. सरकारी वकिलाला तर आभाळ ठेंगणं झालं. माझे वकील डोक्याला हात लावून बसले. मी मनात म्हटलं, संपलं. एका न्हाव्याच्या थट्टेनं मला तुरुंगात घातलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला मास्तरसाहेबांचा भयंकर राग आला. हो म्हणायला काय झालं होतं या माणसाला!

मॅजिस्ट्रेट मात्र हसले नाहीत. त्यांनी ती चिठ्ठी मागून घेतली. निळा अंगठा पाहिला, लाल शाईचं 'खोटी' पाहिलं. मग विचारलं, "ही तिसरी ओळ कोरी का?"

"पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही, साहेब."

"किती दिवस झाले हिला?"

"सव्वा वर्ष."

"सव्वा वर्षात ही ओळ तुम्ही भरली नाही?"

"मी पाहिलं नाही, कुणी सांगितलं नाही. भरणार कशी?"

मॅजिस्ट्रेटनी पेटी पुढे ओढली आणि एकेक चिठ्ठी चाळली. मोटार ड्रायव्हर, सुरुंगवाला, दफेदार. मग ते फौजदाराकडे वळून म्हणाले, "जो माणूस स्वतःच्या साक्षीदाराची खोटी चिठ्ठी जपून ठेवतो आणि एक कोरी ओळ मागाहून भरत नाही, त्यानं तुमच्या चिठ्ठीत मागाहून लिहिलं असं मी कसं मानू?" गेरूचा खडा त्यांनी टेबलावर घासून पाहिला. टेबल लाल झालं. मी सुटलो.

आठ दिवसांत शाळेच्या चालकांनी मास्तरसाहेबांना कामावरून कमी केलं. मला ठेवलं, कारण कोर्टानंच निर्दोष म्हटलं होतं. कुठला न्याय हा? मी चालकांकडे गेलो, हात जोडले, आरडाओरडा केला. कुणी ऐकलं नाही. जाताना मास्तरसाहेबांनी हेडक्लार्ककडे खडू, डस्टर, दोन नकाशे आणि शाळेची डिक्शनरी मोजून दिली, यादीवर सही केली. वीस वर्षांची नोकरी तेवढ्यात आटोपली.

ते नगरला भावाकडे निघाले त्या सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. दारात बैलगाडी उभी होती. ट्रंका, भांडी, वळकट्या रचून झाल्या होत्या. गाडीवानाला ते स्वतः दोर आवळून दाखवत होते, गाठ कशी मारायची ते. बीबी पडदा सारून गाडीत बसल्या होत्या. मी म्हटलं, "मास्तरसाहेब, मला माफ करा." आणि रस्त्यात, गाडीवानासमोर, मला रडू फुटलं.

त्यांनी दोर सोडला, गाडीच्या कडेशी ठेवलेली पेटी उघडली आणि निळ्या अंगठ्याची चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. टाकही दिला.

"आता तुम्हाला ठाऊक आहे," ते म्हणाले. "भरा."

मी पेटीवर कागद ठेवून लिहिलं: 'पुढे: ज्यांना फसवायला ही दिली त्यांची नोकरी गेली. देणारा सुटला.'

मास्तरसाहेबांनी चष्मा लावून वाचलं आणि मान हलवली. "क्रम चुकला. आधी तुम्ही सुटलात. नोकरी नंतर गेली."

"काय फरक पडतो आता!"

"पडतो. तुम्ही लिहिलंत तसं वाचलं तर वाटेल की मी गेलो म्हणून तुम्ही सुटलात. तुम्ही दगड मारला नव्हता म्हणून सुटलात. खोडा आणि नीट लिहा."

मी खोडलं आणि नीट लिहिलं. त्यांनी घड्याळ काढून वेळ घातली. मग कोटातून पितळी डबी काढून उघडून पुढे धरली. मी म्हटलं, "मला सही येते." म्हणाले, "वर अंगठा आहे, खालीही अंगठाच पाहिजे." मी काळ्या शाईत अंगठा बुडवला आणि निळ्याच्या खाली उठवला. त्यांनी फुंकर घालून शाई वाळवली, चिठ्ठी पेटीत जागच्या जागी ठेवली आणि गाडीवानाशेजारी चढून बसले.

गाडी वेशीपर्यंत जाईतो मी उभा होतो. मग शाळेत गेलो. पहिला तास माझाच होता. हात न धुता वर्गात शिरलो आणि फळ्यावर पांढरा कागद लावून नकाशा काढायला घेतला तर कडेला सगळीकडे काळे ठसे उठत होते. पोरं हसायला लागली. एकानं विचारलं, "सर, हे काय झालं?"

मी म्हटलं, "आधी काय झालं ते विचारा," आणि त्या तासाला नकाशा झालाच नाही.